डाग सिल्वियाचा

वसईतल्या नंदाखाल गावच्या रेजिनामावशी नवरीचे गाऊन शिवायच्या. पण दारात येऊन एखादी मुलगी म्हणाली, "मावशी, मला अगदी अमकीसारखाच हवा," की त्या गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवायच्या. "जा, तिला विचारून ये." मग ती अमकी सासरी विरारला असो की कुवेतला. एका मुलीने तर आपल्या सात पिढ्यांच्या वैरिणीकडे जाऊन परवानगी आणली. दोघींचं असं मेतकूट जमलं की लग्न राहिलं बाजूला आणि दोघी महिनाभर पापड लाटत बसल्या. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही.

ब्रॉडबँड आमच्या वाडीत नुकतं आलं होतं तेव्हाची गोष्ट. इंटरनेटवर एक खोटं जग होतं. माणसं आपापली बाहुली करून तिथे हिंडायची, घरं बांधायची, नाचायची. बाहुल्यांना कपडे लागायचे आणि ते विकायचो मी. सुईत दोरा ओवायला आजही मला दोन माणसं लागतात! माझा सगळ्यात खपणारा माल म्हणजे आमच्या शेजारच्या सिल्वियाचा गाऊन. तो शिवला होता रेजिनामावशींनी. मी काय केलं, तर सिल्वियाच्या लग्नात काढलेला फोटो कापून जसाच्या तसा बाहुलीवर चिकटवला. शंभरेक बाहुल्यांनी तो घेतला. वसईत सांगताना मी दहा हजार सांगायचो.

माझ्या बहिणीचं, मार्थाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मावशी माप घ्यायला घरी आल्या. मी मोठ्या ऐटीत त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून तो गाऊन घातलेली बाहुली दाखवली. त्यांनी नाक पडद्याला टेकवलं.

"ही बसते का रे?"

"बसते की."

"मग घेर चुरगळत कसा नाय?"

"तिथे काही चुरगळत नाही, मावशी."

"घाम?"

"नाही."

"माप कोन घेतं?"

"माप कसलं? बहुतेकींचं एकच."

"अरेरे!" मावशी कळवळल्या. त्या जगातल्या समस्त बायकांची त्यांना दया आली. मग पडद्यावरच्या कमरेखाली त्यांनी बोट ठेवलं. तिथे जांभळट ठिपका होता. मला वाटायचं, फुलांच्या गुच्छाची सावली असेल.

"हा सिल्वियाच्या बापाचा हात," मावशी म्हणाल्या.

तिचे पप्पा लकव्याने अर्धे गेलेले. तरी लग्नात शुभेच्छांच्या टोस्टला उजव्याच हाताने ग्लास उचलायचा हट्ट धरला. हात थरथरला आणि घरची जांभळाची वाईन गाऊनवर सांडली. महिन्याभरात ते गेले. सिल्विया डाग काढायला गाऊन मावशींकडे ठेवून गेली होती. ते गेल्यावर तो डागासकट तसाच परत घेऊन गेली.

मी आपला बचावाला उठलो. "तुम्हीसुद्धा परदेशी पुस्तकातूनच उचलता ना?"

"उचलते! पन गळा बदलते, बाही बदलते. तू काय बदललंस? मेल्या, डागपन नाय बदललास!" टेप गळ्यातून उतरली. "शिवन माझी हाय, ती मी तुला दिली. डाग सिल्वियाचा. तिला विचारून ये. तवर मार्थाच्या कापडाला कात्री लागायची नाय."

मार्थाने माझ्याकडे असं पाहिलं की अर्नाळ्याच्या समुद्राला तेव्हाच ओहोटी लागली.

तीन दिवस मी टाळाटाळ केली. चौथ्या दिवशी मार्थाने मला दंडाला धरून सिल्वियाकडे नेऊन उभं केलं. सिल्वियाने आमच्याकडे येऊन पडद्यावर पाहिलं. कुठलीशी अनोळखी बाई, तिच्या पप्पांचा डाग लेवून, गोल गोल नाचत होती. "ड्रेस नाचू दे," सिल्विया म्हणाली. "डाग मात्र काढ. सगळ्यांचा."

आता आली का पंचाईत! विकलेला माल परत कसा आणायचा? मी एकेकीला निरोप धाडला: जुना टाकून द्या, नवा स्वच्छ फुकट घ्या. फुकट म्हटल्यावर खोट्या जगातली माणसंही खरीच निघाली; सगळ्यांनी बदलून घेतला. एकीने सोडून. तिने उलट कळवलं, "डागासाठीच तर मी हा घेतला. इथल्या ढीगभर कपड्यांत हा एकच कुणीतरी खरंच घातलेला वाटतो."

मी धावत मावशींकडे. लग्नाला नऊ दिवस, कापड घडीतच. "मावशी, एक राहिली. चालेल ना?"

"मला काय इचारतो?"

पुन्हा सिल्वियाकडे. तिने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ती बाई कुठली, म्हातारी की तरुण, लग्न झालंय का, तिचे वडील आहेत का, सगळं विचारलं. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. इतके दिवस शेकडोंना कपडे घालणारा मी!

"तिला लिही," सिल्विया शेवटी म्हणाली, "की ती जांभळाची वाईन आहे, आणि हात माझ्या पप्पांचा होता. एवढं माहीत असलं की ठेवू दे तिला."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेजिनामावशींनी मार्थाचं कापड टेबलावर पसरलं.