भिंतभर लाल रेघ

गोखिवऱ्याच्या आमच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळणारी एक इंजिनिअर आहे; ती डबासुद्धा भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे तोंड करूनच खाते. डेटा सेंटरच्या नेटवर्कचा नकाशा तिथे दिसतो. जोडणी चालू असेल तर रेघ हिरवी, तुटली तर लाल. लाल दिसली की ती घास हातात तसाच धरून, "मेली, आज काय झाला तुला?" म्हणत फोन उचलते.

परवा भर दुपारी बडे ग्राहक पाहणीला यायचे होते आणि नेमकी एक जोडणी तुटली. साहेब म्हणाले, "मॅडम, ती रेघ तेवढी लपवा. पाहुणे गेले की परत आणा."

"नाय लपवनार. आमचे अर्नाळ्याला वादळाचा बावटा लागला, की पाव्हने आले म्हनून कुनी उतरवत नाय. होड्या पान्यात असतात."

आम्ही बाकीचे कीबोर्डात तोंड खुपसून बसलो. साहेबांनी स्वतःच रेघ लपवली.

पाहुणे येऊन खुर्च्यांवर टेकले, तशी तिने ती परत आणली, भिंतभर मोठी करून. "ही तुटलेय. मानसं जोडायला गेलीत," एवढंच त्यांना सांगितलं. मग साहेबांसकट सगळ्यांकडे पाठ करून तिने डबा उघडला.