डागी टोमॅटो वर
टोमॅटोच्या देठांचा उग्र, हिरवा वास आला की मला शिरूरचा बाजार आठवतो. तिथल्या कॉलेजात मी उद्योजकता शिकवायचो. गिऱ्हाइकाला फसवू नका, असं मी वर्गात हातवारे करून सांगितलं आणि निमोणे गावच्या एका मुलीने दुसऱ्याच दिवशी क्रेटमध्ये डागी टोमॅटो वर, चांगले खाली भरले. तिच्या वडिलांनी मला बाजारातच गाठलं. "सर, हिचं कॉलेज आजपास्नं बंद." तेवढ्यात व्यापाऱ्याने खालचा माल खराबच असणार म्हणून तळात हात घातला, चकित झाला आणि चढा भाव देऊन गेला. वडील मुलीला हळूच म्हणाले, "कॉलेज बुडवू नगंस. आन् रोज आसंच भरायचं." मी तिथे नीती शिकवली की लबाडी, हे मला अजून ठरवता येत नाही.