जरा बाजूला हो

माझे दाजी पासपोर्टचे फोटो काढतात. बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. एक स्टूल, एक पांढरा पडदा, भिंतीवर आरसा आणि कुणी पळवू नये म्हणून दोरीला बांधलेला कंगवा. "हनुवटी वर. खांदे सरळ. हलू नका." गावातल्या निम्म्या लोकांच्या हनुवट्या त्यांनी वर केल्या आहेत. ही खोड दुकानाबाहेरही सुटत नाही. एकदा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवं पडून त्यांनी डॉक्टरलाच खांदे सरळ करायला सांगितलं होतं.

थंडीत मात्र सुट्टीच्या दिवशी हा माणूस सकाळी लवकर गावाबाहेरच्या जंगलात जातो आणि झाडांचे फोटो काढतो. पानं गळालेली झाडं, धुकं, गवतावर गोठलेलं दव. पक्षी नको, पायवाट नको, आभाळही शक्यतो नको. आभाळ आलं की नजर वर पळते, असं त्यांचं म्हणणं. जवळची दोन खोडं ठसठशीत, मागची धुक्यात विरत गेलेली आणि मधे मोकळी जागा. मला विचाराल तर झाडं ती झाडं. पण मी खिळे-बिजागऱ्या विकणारा, मला कोण विचारतंय.

दाजींची एक अडचण होती. जन्मभर स्टुलावर माणूस बसवून फोटो काढलेले, त्यामुळे समोर कुणी नसलं की त्यांना काही सुचतच नाही. म्हणून ते ताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, बरोबर न्यायचे. तिला झाडांमधे उभी करायचे आणि तिच्याभोवती सगळं जुळवून घ्यायचे. कॅमेरा थोडा खाली, थोडा डावीकडे, ती आगाऊ फांदी बाहेर. सगळं जमलं की म्हणायचे, "आता जरा बाजूला हो." ती बाजूला झाली की फोटो. इतकी वर्षं ताई कुडकुडत उभी राहिली आणि बाजूला झाली. कुरकुर केली नाही असं नाही, पण गेली.

यंदा वाचनालयाने त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ग्रंथपाल बाई फोटो बघायला घरी आल्या. "किती शांत आहेत हो," त्या म्हणाल्या. दाजी हवेत गेले.

"माझ्या फोटोत माणूस नसतो," ते म्हणाले. "मी एकटा आणि झाडं."

ताई तेव्हाच चहा घेऊन आली होती. तिने ट्रे ठेवला आणि चहा झाल्यावर बाईंना दारापर्यंत पोचवून आली. मग म्हणाली, "तुम्ही एकटे आणि झाडं. मग तिथे गारठत उभी असते ती कोण?"

"अगं, बोलण्याच्या ओघात निघून गेलं."

"ओघात मीच तेवढी वाहून गेले, झाडं बरी राहिली. मी आता यायची नाही."

ताई बोलली म्हणजे बोलली. दाजींना वाटलं, निवळेल. निवळली नाही. प्रदर्शनासाठी नवे फोटो तर हवे होते. मग त्यांनी तिचा जुना कोट नेला, काठीवर अडकवला आणि काठी झाडांमधे रोवली. सगळं जुळवलं, काठी उपटली, फोटो काढले. मला तर नवे-जुने सारखेच दिसले.

बघायला येणाऱ्यांना तसे सारखे दिसले नाहीत. वाचनालयाच्या लांबट खोलीत एका भिंतीवर जुने फोटो होते, समोरच्या भिंतीवर नवे. मी दाराजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. नव्यांसमोरून लोक "छान, कॅलेंडरला शोभेल" म्हणत पुढे सरकायचे. जुन्यांपाशी आले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. एक गृहस्थ आत येताना काढलेली टोपी हातात चुरगाळत तसेच उभे राहिले. भाजीची पिशवी घेऊन आलेली एक बाई तर एका फोटोपुढून हलेचना. दाजींना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "काय दिसतं तुम्हाला यात?"

"इथून आत्ताच कुणीतरी गेलंय," ती म्हणाली. मग तिने मान वळवून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "तिकडे कुणी आलंच नव्हतं."

पिशवी उचलून ती निघून गेली. दाजी माझ्या शेजारी मटकन बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बहीण माझी आहे.

घरी आल्यावर ते ताईला म्हणाले, "उद्या येतेस?"

"कशाला? बाजूला व्हायला?"

"ये तर."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तूही चल. साक्षीला कुणीतरी असलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी धुकं चांगलं दाट होतं. ताई सवयीने दोन खोडांच्या मधे जाऊन उभी राहिली, हात खिशात, कपाळाला आठी. दाजींनी कॅमेरा खाली घेतला, डावीकडे सरकवला, फांदी बाहेर टाकली. सगळं जमलं की त्यांचे खांदे सैल पडतात, हे तिला पाठ आहे. ते सैल पडले तशी ती न सांगताच बाजूला निघाली.

"थांब," दाजी म्हणाले.

ती अर्धवट वळलेली तशीच थांबली. "का? काय झालं?"

कॅमेरा खट्‌कन वाजला.

दाजींनी नवे फोटो सगळे उतरवले आणि त्या भिंतीवर तो एकच लावला. लोक त्याच्यापुढे फारसे थांबले नाहीत. कुणाची तरी बायको जंगलात उभी आहे, एवढंच त्यांना दिसत असणार. शेवटच्या दिवशी ताई आली. चष्मा लावून अगदी जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हनुवटी खाली गेलीय माझी," ती म्हणाली. "खांदेही वाकडे आहेत."

"हो," दाजी म्हणाले. "सांगायचं राहूनच गेलं."