शांताकाकीचा उजवा हात

“माझ्या हाताला चटका बसत नाही,” शांता परब एकदा म्हणाली होती, आणि मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या दादरच्या त्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी ते अभिमानाने ऐकलं होतं.

मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते. निवली की पारीला भेगा जातात. बाकीच्या बायका वाटीच्या बुडाने रगडायच्या, मध्येमध्ये हात पाण्यात बुडवायच्या. शांता परातीत सरळ हात घालायची. परळच्या चाळीतून ती पायी यायची, आली की पदर खोचायची, आणि मग त्या खोलीत तिचाच शब्द चालायचा. मालकीण मधुरासुद्धा फोनवरच्या ऑर्डरी घेताना तिच्याकडे बघून हो किंवा नाही म्हणायची.

उकड हात घालण्याइतकी झाली की नाही, हे ठरवणं शांताचं काम. पातेलं परातीत उलटं झालं की ती उजव्या हाताची तीन बोटं उकडीत रोवायची आणि म्हणायची, “घ्या.” मगच इतरांचे हात पुढे यायचे. काम नैवेद्याचं, त्यामुळे पहिला हात उजवाच. डाव्याने बघितलेलं त्या घरात चाललं नसतं.

उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या त्याला बरीच वर्षं झाली. पहाटे हात बधिर व्हायचा, ती तो पलंगाबाहेर सोडून झटकत राहायची. मग मुंग्या थांबल्या. बरं वाटलं तिला. एकदा भाकऱ्या झाल्यावर सून प्राचीने तिचं बोट धरलं. टोकाला फोड होता, फुटलेला. शांताला तो आल्याचंच माहीत नव्हतं. तिच्या नको नकोकडे लक्ष न देता प्राचीने तिला परळच्याच एका हॉस्पिटलात नेलं.

हाताचा डॉक्टर तरुण होता. “डोळे मिटा, मावशी. बोटाला टाचणी लागली की सांगा.”

शांता डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “करा की सुरू.”

“करून झालं,” डॉक्टर म्हणाला.

प्राचीने खाली बघितलं. डॉक्टरने शांताचा तळवा उताणा केला. अंगठ्याच्या बुडाशी असतो तो मांसल उंचवटा सपाट झाला होता. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, डॉक्टर सांगू लागला, त्यातून बोटांची नस जाते, तुमची तिथे दबली आहे.

“पण आता दुखत नाही काही.”

“तेच वाईट आहे. छोटं ऑपरेशन आहे, लवकर करा. अजून थांबलात तर अंगठ्यातली ताकद परत येईलच असं नाही. आणि गरम वस्तूंपासून लांब राहा. चटका बसला तरी कळणार नाही.”

“तो मला कधीच कळला नाही,” शांता हसून म्हणाली.

डॉक्टर हसला नाही.

घरी येताना सोसणं कुठे संपलं आणि न कळणं कुठे सुरू झालं, याचा शांता मागे मागे जाऊन शोध घेत होती. ज्या हाताची शाबासकी मिळाली तो सोसणारा होता की आजारी?

“आई, मधुराताईंना सांगा.”

“सांगेन.”

“कधी?”

“गणपती होऊ देत. तू कोथिंबीर घे, चल.”

सांगितलं असतं तर मधुराने तिला काढलं नसतं. खुर्ची दिली असती. डब्यांना लेबलं चिकटवायला बसवलं असतं, दोनदा चहा विचारला असता. शांताला त्या खुर्चीची भीती वाटत होती. ती वाफेकडे बघून अंदाज घेऊ लागली. वाफ विरळ झाली की बोटं रोवायची आणि बोटांना कळल्यासारखं करायचं. जमत होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. वरळीच्या बीडीडी चाळीतली मनवा नवीनच लागली होती. तिला शांताने सकाळपासून धारेवर धरलं होतं.

“काय गो, हात आहेत की लोणी? वाटी ठेव ती. वाटीने कधी कोणाचा हात तयार झालाय?”

“काकी, तुमचे हात नाहीत, सांडशी आहे,” मनवा म्हणाली. बायका हसल्या.

उकड परातीत उलटी झाली. त्याच आठवड्यात मधुराने खिडकीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला होता आणि तो आज पहिल्यांदाच जोरात फिरत होता. परातीवर वाफ दिसेना. शांताने बोटं रोवली. काहीच नाही. तिने पुन्हा वाफ शोधली. सगळ्या थांबल्या होत्या. मनवाने वाटी बाजूला सारली होती, तिचे ओले हात परातीच्या काठावर तयार होते.

“घ्या,” शांता म्हणाली.

मनवाने दोन्ही तळवे घातले. लगेच मागे ओढले. उकड हातांना चिकटून वर आली, सुटेना. बायकांनी तिला नळाखाली ओढलं. उकड निघाली, तिच्याबरोबर कातडीही निघाली.

“काकींनी घातला होता ना हात,” ती रडत म्हणाली.

“काकींचा हात आणि तुझा हात एक आहे का गं?” कोणीतरी म्हणालं.

मधुरा आतून आली. “ऐन वेळेला हे. मनवा, हे काम तुझ्या हाताचं नाही. डॉक्टरकडे जा आधी. आणि उद्यापासून नको येऊस.”

“ताई, पण माझं काय चुकलं?”

चूक मनवाचीच, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. शांता नुसती गप्प राहिली असती, तर ते तसंच राहिलं असतं.

गॅसवरच्या दुसऱ्या पातेल्यात उकड शिजत होती. शांताने झाकण काढलं, आणि खालची ज्योत तशीच ठेवून तीन बोटं त्या उकडीत मुळापर्यंत रोवली.

“काकी, काय करताय?” एक बाई ओरडली.

शांताचं तोंड मधुराकडे होतं. चेहऱ्यावर सोसण्याची एकही रेघ नव्हती. मग मधुरानेच तिचं मनगट धरून हात बाहेर ओढला. बोटं लाल, चकचकीत झाली होती.

“चटका कळत नाही तुम्हाला?” मधुराने हळूच विचारलं. “केव्हापासून?”

शांताने डाव्या हाताने बोटांवरची उकड निपटली. ती नळापाशी गेली, मनवासमोर उभी राहिली. मनवाने आपले हात पाठीमागे घेतले. मग खोचलेला पदर सोडून ती दाराकडे वळली, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर पडली.