मॅककाकांचं कूळ

“आडनाव सांगितलंस, आता अर्थ सांग.”

हात मिळवायचा, तो सोडायचा नाही आणि हे विचारायचं, अशी मॅककाकांची पद्धत. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं, की सामान उतरायच्या आत त्याला हे सोसावं लागे.

माझाही हात असाच अडकला. तुमच्यापैकी ज्यांनी पुण्यात भाड्याची खोली शोधली असेल, त्यांना माझं काय झालं ते कळेल. काहींना नाही कळणार. त्यांना खोली लगेच मिळाली असेल. मला फोनवर रिकामी असलेली खोली आडनाव सांगताच घरमालकाच्या भाच्याला दिलेली असायची. मी “अर्थ काही नाही” म्हणून हात सोडवून घेतला.

त्यांना मात्र आपल्या आडनावाचा अर्थ पाठ होता. मॅक म्हणजे मुलगा. पुढचं नाव कुणा सरदाराचं. म्हणून ते सरदाराचे वंशज आणि आमचे मॅककाका. आयुष्यभर लोकांची घरं गरम ठेवणारे फर्नेस दुरुस्त केले, पण दिवाणखान्यात मात्र दरबार. भिंतीवर मॉलमधून आणलेली निळी ढाल, तिच्यावर सुळे काढलेलं सोनेरी जनावर.

“हे डुक्कर कशाला लावलंय?” माझ्या बायकोने मला मराठीत विचारलं. तिच्या नजरेवरून ते समजले.

“रानडुक्कर!” मॅककाका गरजले. “पाळीव नव्हे!”

एकदा त्यांनी आम्हाला स्कॉटिश लोकांच्या उन्हाळी मेळाव्याला नेलं आणि मोठ्या भक्तिभावाने मेंढीच्या आतड्या-काळजाचा त्यांचा तो राष्ट्रीय पदार्थ खाऊ घातला. बायको नागपूरची. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “अरे यार, ही तर वजडी. मसाला कॅन्सल केलाय फक्त.” पुढच्या रविवारी तिने त्यांना खरी वजडी करून घातली. नाक-डोळे पुसत त्यांनी तीनदा वाढून घेतलं. “हे आमच्या सरदाराला मिळालं असतं, तर तो एकही लढाई हरला नसता!”

मग त्यांना अवदसा आठवली. ढालीवर रीतसर हक्क मिळावा म्हणून त्यांनी स्कॉटलंडच्या मानचिन्हांच्या कचेरीला अर्ज केला. वंशावळीसाठी तिकडच्या एका बाईंना जुनी दप्तरं चाळायला सांगितलं.

दोन्ही उत्तरं एकाच आठवड्यात आली. कचेरीने कळवलं, की आडनावाची अशी ढालच नसते. ढाल एकाच माणसाची असते आणि तो माणूस तुम्ही नाही. बाईंनी कळवलं, की तुमचे खापरपणजोबा त्या घराण्यातले नव्हते. जमीन कसायला मिळावी, पोटाला ओटचं पीठ मिळावं, म्हणून त्यांनी जमीनदाराचं आडनाव लावलं. त्याआधी गावात त्यांना नुसतं ‘तांबडा डोनाल्ड’ म्हणत.

थोडक्यात, ते सरदाराच्या कुळातले नव्हते. सरदाराचं कूळ होते.

आठवडाभर मॅककाका दिसले नाहीत. मी गेलो, तर भिंतीवर नुसता खिळा. ते म्हणाले, “मुलगा म्हणे! ज्याचा मुलगा म्हणून मिरवलो, त्याच्या शेणाच्या पाट्या उचलत होतो आम्ही.”

मग मी त्यांना माझ्या आडनावाचं सांगितलं. ते ऐकून लोक आम्हाला कुठल्या वस्तीत बसवतात ते. वडिलांनी ते बदलून गावाच्या नावाला ‘कर’ लावायचा अर्ज भरला, आणि आजीने तो चुलीत घातला, ते. “लाज त्यांना वाटू दे,” एवढंच ती म्हणाली होती. अमेरिकेत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या मराठी लोकांना तर नाहीच.

“माझ्या म्हाताऱ्याला निदान मालकाचं नाव चिकटवता आलं,” ते म्हणाले. “तुम्हाला तेही करू दिलं नसतं.”

मी मान हलवली.

“तुझी आजी सरदार होती,” ते म्हणाले.

पुढच्या मेळाव्यात संचलनाला ते स्वतः रंगवलेली ढाल घेऊन आले: निळ्यावर पिठाचं पोतं. संयोजक बाई धावत आल्या. “हे आपल्या घराण्याचं चिन्ह नाही!”

“बरोबर. तुमचं डुक्कर तुम्हाला परत केलं,” मॅककाका म्हणाले आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहिले. मी कडेला उभा होतो. त्यांनी मला खेचून शेजारी घेतलं. बॅगपाइपच्या गोंगाटात आम्ही दोघांनी आपापली आडनावं घसा फुटेस्तोवर ओरडली.

मग त्यांचे गुडघे गेले. गेल्या मार्चमध्ये त्यांची मुलगी त्यांना अॅरिझोनाला घेऊन गेली. गल्ली निरोपाला जमली होती. मॅककाका चाकाच्या खुर्चीत, कमरेला त्यांचा चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, आणि आत परंपरेप्रमाणे काहीही नाही. व्हॅनच्या लिफ्टने खुर्ची वर उचलली आणि नेमका वारा सुटला.

आम्ही सगळ्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं. मुलगी किंचाळली, “डॅड!” त्यांनी मात्र घागरा आवरला नाही, ताठ बसून, हात उंचावून, गल्लीचा मुजरा घेत ते सावकाश वर वर गेले.