बनला लावलेलं लोणी

सासूबाई मुंबईहून लंडनच्या इल्फर्ड भागात आमच्याकडे आल्या त्याला अकरा दिवस झाले होते आणि अकरा दिवसांत त्यांनी माझ्या हातचं काही खाल्लं नव्हतं. साठचं दशक संपत आलं होतं. सासरे वारल्यावर त्या एकुलत्या मुलाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. उकडलेली अंडी, केळी आणि बिनदुधाचा चहा, बस्स. अंडीही स्वतःच उकडायच्या. बुधवारी ह्यांना म्हणाल्या, "माझं परतीचं तिकीट बघ." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच त्यांना उपाशी ठेवलं होतं. मला भयंकर राग आला. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. मटणाला दूध-लोणी लागू द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? दोन्हींची भांडी माझ्याकडे वेगळी होती. पण त्या गेल्या असत्या तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

गुरुवारी हॉस्पिटलच्या ऑफिसातून निघायला उशीर झाला, त्यात बस चुकली. माझ्याबरोबर टायपिंग करणाऱ्या एका कॅनेडियन बाईने 'स्लॉपी जो' नावाचा झटपट प्रकार सांगितला होता. कांद्यावर खिमा परतायचा, त्यात केचप, व्हिनेगर, जरासं मस्टर्ड आणि चमचाभर ब्राउन शुगर घालून घट्ट होईपर्यंत रटरटू द्यायचा, मग भाजलेल्या बनमध्ये भरायचा. खिमा आमच्या कोशेर, म्हणजे ज्यू रीतीने कापणाऱ्या मटणवाल्याकडचा होता. खिम्यात साखर घालायला हात धजेना, म्हणून तिच्या जोडीला भरपूर लाल तिखट घातलं. अर्ध्या तासात काम फत्ते.

घरभर वास सुटला आणि सासूबाई न बोलावता टेबलाशी येऊन बसल्या. मी एक बन भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. ह्यांचं जेवणाकडे लक्षच नव्हतं, ते आईकडे बघत होते.

तेवढ्यात माझी नजर गॅसवरच्या दुसऱ्या तव्यावर गेली. तो सकाळच्या टोस्टचा तवा होता. घाईत, सकाळच्याच सवयीने, मी बन लोण्यात भाजले होते.

खिम्याच्या रसात लोणी कुणाला कळलंही नसतं. त्या जेवल्या असत्या आणि तिकिटाचा विषय मिटला असता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला तसंच होऊ द्यावंसं वाटलं.

"आई, खाऊ नका," मी म्हणाले. "बनला लोणी लागलंय. चुकून झालं माझ्याकडून."

ह्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी बन हळूच खाली ठेवला.

"चूक माझ्या हातूनही व्हायची," त्या म्हणाल्या. "भांडी तू वेगळी ठेवतेस, ते मी पहिल्याच दिवशी बघितलं. पण चुकलीस तर मला सांगशील की नाही, ते कसं कळणार होतं गं?" मग ते ताट बाजूला सारलं. "ताट नि डाव दुसरे घे, ह्यांना लोणी लागलंय. आणि साधा पाव आण."

कोरड्या स्लाइसवर खिमा घेऊन त्या जेवू लागल्या. मी सिंकशी जाऊन नळ सोडला आणि पाठमोरी उभी राहून मनसोक्त रडले. इतकं हलकं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

"आणखी आहे का?" मागून त्यांनी विचारलं.