न हलणारी रेघ

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही नीट कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच संपली. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, त्यामुळे एखादा शब्द इकडचा तिकडेही होतो. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून कागदाला सांगते आहे.

आमचे हे विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सगळं आयुष्य त्यांनी उभ्या टेबलाशी रेघा मारल्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचं काम पाहिलं तेव्हा मला ते छापलेलंच वाटलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांचे एक जुने दोस्त, ज्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, त्यांनी मारतहळ्ळीच्या पुढे आपल्या भावाच्या नारळाच्या बागेत पत्र्याची शेड घातली आणि तिथे दोन माणसांचं छोटं विमान बांधायला घेतलं. घरी बांधलेलं विमान म्हटल्यावर लोक हसायचे. पण सांगाडा उभा राहिला, पंख झाले, इंजिन आलं. ह्यांच्या वाट्याला आलं ते पॅनल आणि वायरिंग यांचे नकाशे काढणं. पॅनल म्हणजे विमान चालवणाऱ्याच्या समोरची पत्र्याची पाटी. तिच्यात उंचीचं, वेगाचं, तेलाचं अशी गोल यंत्रं बसतात आणि खाली बटणं. कुठली वायर कुठून निघून कुठे जाते ते सगळं कागदावर हवं, प्रत्येक वायरीला नंबर हवा. तो नकाशा बघून सरकारी इन्स्पेक्टर पास करणार, मग विमान उडणार.

ह्यांनी हो म्हटलं आणि घरी येऊन गप्प बसले. कारण ह्यांचा हात कापायला लागला होता.

ते फक्त मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, बाकी तब्येत चांगली आहे, हात तेवढा कापणार, आणि कुणी बघतंय म्हटलं की जास्त कापणार. तसंच व्हायचं. घरात एकटे असताना पेपर धरायचे, कोणी आलं की हात पाठीमागे. लग्नकार्यात कॉफी नको म्हणायचे. उभ्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले तेव्हा एका बाजूने रेघ सरळ आली आणि मधे तिला दाते पडले. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला, मला दिसू नये म्हणून. मी पाहिलं होतं.

अण्णांना सांगून टाका, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "सांगितलं की ते म्हणतील राहू दे, आम्ही दुसऱ्याकडून करून घेतो. आणि मग मी शेडमध्ये जाऊन काय करू? नारळ मोजू?"

मग त्यांच्याच डोक्यात कॉम्प्युटर आला. कारखान्यात शेवटच्या वर्षांत त्यांनी पोरांना कॉम्प्युटरवर नकाशे काढताना पाहिलं होतं. यंत्र रेघ मारत असेल तर हात कशाला हवा, असा त्यांचा हिशोब.

अण्णांच्या शेडमध्ये एक कॉम्प्युटर होताच. त्यात कुणाकडून तरी कॉपी करून आणलेला मोठा नामांकित प्रोग्राम होता. फुकट आहे, हाच वापर, असं अण्णा म्हणाले. ह्यांनी हात खिशातच ठेवला आणि बेधडक सांगितलं की मी तोंडी सांगणार, नकाशा आमची ही काढणार. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. अण्णा हसून म्हणाले, "वहिनी काढणार? मग स्वल्प हळदकुंकूपण ठेवा बाजूला." मी बसले. त्या प्रोग्रामला प्रत्येक गोष्ट इंग्रजीत टाइप करून सांगावी लागायची, रेघ म्हटली तरी तिचं नाव लिहा. मी एकेक अक्षर शोधत होते. अण्णा बाहेर गेल्यावर हे स्वतः बसले, तर एकेक अक्षर दोनदा-तीनदा उमटायला लागलं. बोट उचलायच्या आत थरथरायचं. यंत्राला ते कळेना. ह्यांनी बटण बंद केलं.

घरी येताना बसमध्ये म्हणाले, तसाही तो चोरीचा होता. माझी सही असलेला कागद इन्स्पेक्टरपुढे जाणार, तो चोरीच्या हत्याराने काढायचा नाही. ते मनापासून म्हणत होते, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

मग मोठ्या रस्त्यावरच्या एसी दुकानात गेलो. टाय लावलेल्या माणसाने आम्हाला रंगीत पडद्यावर आख्खा बंगला फिरवून दाखवला. किंमत ऐकली आणि मी पायातल्या चपलांकडे बघत राहिले. तेवढ्या पैशात आमच्या घरावर दुसरा मजला चढला असता. एकदा हात लावून बघा सर, असं तो म्हणाला, तर ह्यांनी मलाच पुढे केलं. तो माणूस माझ्याकडे बघून इतक्या आदराने हसला की मला रडू येईल असं वाटलं.

त्यानंतर हे शेडवर जाईनासे झाले. गुडघा दुखतो म्हणायचे.

मी काय करणार होते? वाण्याकडे सुट्टे मागताना माझा आवाज निघत नाही. पण वाण्याच्याच दुकानात, स्विचबोर्ड बसवायला आलेल्या माणसाच्या हातात मी एक छापलेला नकाशा पाहिला. वायरींचा होता, स्वच्छ. कन्नडमध्ये विचारलं, हा कुठे काढता? बसवनगुडीला एक जण स्वस्तातला प्रोग्राम विकतो, असं तो म्हणाला. चित्रं दाबायची, लिहायचं फारसं काही नाही. मी पत्ता पाठ करत घरी आले.

ह्यांना कसंबसं तयार केलं. वह्यांच्या दुकानावरच्या माडीवर एकच खोली होती, दोन टेबलं आणि एक कॉम्प्युटर. विकणारे गृहस्थ चाळिशीचे, बाह्या दुमडलेले. त्यांनी किंमत आधी सांगितली आणि मग माल दाखवला. मोठ्या दुकानातल्या किमतीच्या पासंगालाही पुरत नव्हती. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने बनवलेला प्रोग्राम, चार-पाच फ्लॉपींत मावायचा. त्यात बंगले फिरत नव्हते. पडद्याच्या कडेला छोटी चित्रं होती: रेघेचं, गोलाचं, चौकोनाचं. मधल्या जागेत सगळीकडे ठिपके, रांगोळीला काढतो तसे. बसून बघा ना, म्हणाले ते. ह्यांचे हात पाठीमागे गेले आणि हे माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणी मला कुठून सुचलं देव जाणे. मी त्या परक्या माणसाला म्हटलं, "मला जरा कॉफी हवी होती. खाली याल का? मला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही."

रोज सकाळी मी दुधासाठी त्याहून मोठा रस्ता ओलांडते. ते "सरी अक्का" म्हणून उठले आणि मी ह्यांना त्या यंत्रापाशी एकटं सोडून जिना उतरले.

समोरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी घेतली. जितका वेळ मी बोलेन तितका वेळ ह्यांना मिळेल एवढंच मला कळत होतं. म्हणून मी बोलत सुटले. त्यांच्या आईची तब्येत विचारली, घरभाडं विचारलं, गांधीबाजारात आवरेकाईच्या शेंगा काय भावाने मिळतात ते विचारलं. जन्मात इतकं बोलले नव्हते. बोलण्यासारखं सगळं संपलं तेव्हा मी कपाच्या तळाशी बघत राहिले. त्यांनी माडीच्या खिडकीकडे एकदा मान वर करून पाहिलं, मग काउंटरवर जाऊन आणखी दोन कॉफी घेऊन आले. म्हणाले, "सावकाश घ्या अक्का. त्यांचं होऊ दे." त्यांना किती कळलं होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

वर गेलो तर हे पाठमोरे बसले होते. पडद्यावर सहा गोल, तीन वर, तीन खाली, सगळे एका मापाचे, आणि खाली बटणांसाठी चौकोनांची एक ओळ. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये, बघ."

माउसवर त्यांचा हात कापत होता, लपवला नव्हता. पडद्यावरचा बाणसुद्धा कापत होता. पण त्यांनी रेघेला सुरुवात केली की तिचं टोक ठिपक्यावरून उडी मारून दुसऱ्या ठिपक्यावरच बसायचं. दोन ठिपक्यांच्या मधे त्याला थाराच नव्हता. ठिपके हवे तितके जवळ आणता यायचे, अगदी अर्ध्या सुताच्या, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाच्या अंतराने.

"हात हलतोय," ते म्हणाले, "रेघ हलत नाहीये."

प्रोग्राम आणि एक जुना कॉम्प्युटर-प्रिंटर मिळून जी रक्कम झाली ती आमच्याकडे नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे, मी मागितली. अक्का पेन्शनवर राहते आणि रुपया उजेडात धरून बघितल्याशिवाय सोडत नाही. विमानासाठी हवेत म्हटल्यावर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने आजवर सायकल तरी घेतली का गं?" मग तीच उठून कपाटाकडे गेली. नोटा दोनदा मोजून माझ्या हातात ठेवताना म्हणाली, "विमान पडलं तरी माझे पैसे पडता कामा नयेत."

कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी बसला. हे काढायचे आणि मी मापाची पट्टी धरून खरं यंत्र मोजून सांगायचे: उंचीच्या यंत्राचं भोक तीन इंच एक सूत, मधे इतकी जागा. पॅनल एका कागदात मावायचं नाही, म्हणून प्रिंटर टरटर करत तुकडे काढायचा आणि मी ते खळीने साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांवर जोडायचे. तो पुठ्ठा विमानात लावून, सीटवर बसून बघायचं की हात कुठवर पोचतो. पत्र्यात एक भोक चुकलं असतं तर पत्रा वाया.

वायरिंग पॅनलच्या मागून करतात. मागून बघताना डावीकडचं सगळं उजवीकडे जातं, म्हणून तोही नकाशा हवा होता. समोरासमोर तोंड केलेल्या दोन त्रिकोणांचं चित्र दाबलं की नकाशा उलटा होतो, हे मी पाहून ठेवलं होतं. हे शेडवर गेलेले असताना मी आपणहून ते दाबलं, छापलं, चिकटवलं आणि शेजारच्या पोराबरोबर मोठ्या ऐटीत तिकडे पाठवलं. अण्णांनी तो पुठ्ठा स्कूटरच्या आरशासमोर धरून वाचायला सुरुवात केली. गोल उलटे झाले होते तशी इंग्रजी अक्षरंही उलटी झाली होती, आणि मला ती सगळी चित्रंच, उलटं काय नि सुलटं काय. हे घरी येऊन सांगताना इतके हसले की खुर्ची धरावी लागली. किती दिवसांनी हसत होते. मग त्यांनी गोल उलटे करून अक्षरं सरळ ठेवायची युक्ती शोधली, आणि मी तेव्हापासून छापण्याआधी अक्षरांची तोंडं बघते.

इन्स्पेक्टर आले तेव्हा मी शेडच्या दाराशी, नारळाच्या ढिगाआड उभी होते. पॅनल बसलं होतं, मागच्या वायरी वेणीसारख्या बांधलेल्या. ते एकेका वायरीला हात घालायचे, नंबर वाचायचे, नकाशावर बोट ठेवायचे. असं बराच वेळ चाललं. एकही वायर चुकली नाही. शेवटी नकाशा गुंडाळत त्यांनी विचारलं, हे काम कुणाच्या हातचं?

ह्यांनी पाठीमागचे दोन्ही हात पुढे आणले. सगळ्यांच्या समोर ते कापत होते, चांगलेच कापत होते. "ह्या हातांचं," म्हणाले.

इन्स्पेक्टरनी सही केली. अण्णा कॉफी ओतायला वळले, आणि मी पाहिलं, ह्यांच्यासाठी त्यांनी पेला अर्धाच भरला. आजपर्यंत अर्धाच भरतात.

विमान उडालं त्या सकाळी आम्ही सगळे धावपट्टीच्या कुंपणाशी होतो. अण्णांचा पुतण्या हवाई दलात होता, त्याने चालवलं. ते गवतावरून उचललं गेलं आणि मला वाटलं, आत्ता तो उंचीचा काटा हलत असेल, तीन इंच एक सुताच्या भोकात. हे वर बघत होते. पाठीमागे हात नव्हते, दोन्ही हातांनी कुंपणाची तार धरली होती, आणि तार थरथरत होती.

त्यानंतर कामं यायला लागली. इन्स्पेक्टरनी कुणाला सांगितलं, बसवनगुडीच्या गृहस्थांनी कुणाला. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याने मशीनच्या पॅनलचे नकाशे दिले, मग आणखी एकाने. कागदामागे पैसे मिळायचे. थोडे घरात, बाकीचे मी अक्काकडे नेऊन द्यायचे. हे कधी आले नाहीत. अक्काच्या समोर नोटा मोजायच्या म्हणजे हात दिसणार.

गेल्या आठवड्यात शेवटची रक्कम होती. मी पदर खोचून निघाले तर हे चपला घालून दारात उभे. अक्काने दार उघडलं, ह्यांना बघून डोक्यावरचा पदर नीट केला आणि खुर्ची पुढे केली. हे बसले, पाकीट काढलं आणि एकेक नोट स्टुलावर ठेवायला लागले. नोटा फडफडत होत्या. एक खाली पडली, त्यांनी वाकून उचलली, परत ठेवली. मला वाटलं आता अक्का ओढून घेऊन स्वतः मोजणार. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, संपेपर्यंत.

मग तिने नोटा उचलल्या, मोजल्या नाहीत, उजेडात धरल्या नाहीत, तशाच कपाटात ठेवल्या.

"बरोबर आहेत, भावजी," ती म्हणाली. "फिटले."